सुतळी

काल वळीव झोडपून गेला.
मोरगिरीच्या वरच्या अंगाला
गवताच्या बुडाशी अजून गारा आहेत,
खडेमिठासारख्या, कडेनं मळकट.

बाळकूकाका पहार टोचतात, थांबतात, ऐकतात.
अकरा वर्षं बर्फात होते.
तिथं छातीभर खड्डा खणायचा, म्हणतात,
आणि भिंतीवरून बोट फिरवत खाली यायचं.
कुठला थर कुठल्या वादळाचा, बोटाला कळतं.
बोट जिथं अलगद आत जातं
तिथनंच डोंगर सुटतो.

इथं बर्फ कुठला. तांबडी माती, मग मुरूम,
मुरमाखाली ओला, गुळगुळीत कातळ.
मी टेप धरते.
परवा चीर दोन बोटं होती, आज तीन.
वरचा ऐन दरीकडं कललाय,
का पहिल्यापासूनच तसा?
दोघांनाही आठवत नाही.

खाली बावीस उंबरे.
कुणीतरी उडालेला पत्रा ठोकतंय,
हात वर गेल्यावर ठोका ऐकू येतो.

सरपंचांचा फोन. धोका आहे का, एवढंच सांगा.
काका मूठभर गारा दाबून बघतात,
पाणी मनगटावरून बाहीत जातं.
"आज नाही," म्हणतात. "आज म्हणजे आजच.
रात्री पडला तर शाळेत झोपा सगळे."

फोन खिशात ठेवून, पहार पुसत, माझ्याकडं न बघता:
"तिकडं एकदा मी जा म्हणालो होतो. सातजणांना."
पुढं काही नाही.

चिरेच्या दोन्ही काठांना खुंट्या ठोकल्या,
मधे सुतळी ताणली.
उतरताना ते दोनदा वळले.
सुतळी ताठ होती,
निदान तिथून दिसत होती तेवढी.