यानबाचा पडदा

नाव यान. आडनाव आम्हांला जमलं नाही,
पोस्टमनलाही नाही.
म्हणून तो यानबा झाला,
आणि त्याची पत्रं डोमा पेंटरच्या पत्त्यावर येत राहिली,
तिकिटावर राणीचं डोकं असलेली.

का आला होता, ते गावात तीन प्रकारे सांगतात.
कोणी म्हणे धरणाच्या नकाशासाठी,
कोणी म्हणे बायको वारली म्हणून.
डोमा म्हणायचा, वडशाला धान पाहत उभा राहिला
आणि गाडी सुटली.

आमचा देश समुद्राच्या खाली आहे, असं सांगायचा.
आम्ही हसायचो.
मग एकदा बोडीच्या पाळीवर उकिडवा बसला,
इकडे पाणी, तिकडे बांध्या, मध्ये हातभर माती,
आणि म्हणाला, हेच. फक्त उलटं.
तुम्ही पाणी आत कोंडता, आम्ही बाहेर.

आभाळ फार काढायचा.
सगळा कागद आभाळ, तळाशी बोटभर जमीन,
तिच्यावर माणूस असलाच तर कणीएवढा.
मास्तर चिडायचे, एवढा कागद रिकामा सोडला?
रिकामा नाही, तो म्हणायचा, वाळतो आहे.

त्या साली गहाण्यांच्या नाटक कंपनीचा
राजवाड्याचा पडदा उंदरांनी खाल्ला.
मंडई नऊ दिवसांवर, डोमाला कावीळ.
अंताराम गहाणे म्हणाले, साहेब, तुम्हीच काढा.
खांब काढा, झुंबर काढा, मागं एक कारंजं.
राजा शोभला पाहिजे, बस.

मी अकरा वर्षांचा, डबे ढवळायला.
मांजरपाट चोवीस बाय सोळा, पेजेची खळ,
चुना, गेरू, कंदिलाची काजळी,
निळा संपला तेव्हा धुण्याची नीळ, सात पुड्या.

आठव्या रात्री पडदा वर ओढला.
खांब नव्हते.
मातीची एक खोली. डाव्या अंगाला दार, अर्धं उघडं,
दारातून आत आलेला उजेड,
सकाळी येतो तेवढाच.
त्यात पुस्तकला, माझी मावशी, सूप धरून.
तांदूळ सुपाच्या वर, हवेत,
अजून खाली आलेले नाहीत.

मले दारात कायले बसवलं, मावशीनं विचारलं.
तू बसतेस म्हणून.
उजेड तेथंच येते ना जी, ती म्हणाली,
आणि तोंडाला पदर लावून निघून गेली.

गहाणे जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही.
पण दुसरा पडदा नव्हता.

रात्री अकराला राजा आला, तलवार उपसून.
नेहमीसारखं ओरडायला तोंड उघडलं,
मागं वळून पाहिलं,
आणि आवाज खाली आला.
घरात कोणी कामात असताना बोलतात
तसा तो आपला शाप बोलला.
तणसावर बसलेली मागची माणसं
ऐकायला पुढं सरकली.

यानबा उन्हाळ्यात गेला.
सायकल डोमाला, वही मला.
वहीत सारस आहेत, एकही पुरता नाही:
पाय, पाय, उडण्याआधीची मान.
भाच्यानं त्याचं नाव मोबाइलवर शोधलं.
त्या आडनावाचे पुष्कळ निघाले,
एक दातांचा डॉक्टर, एक घोडे पाळणारा.
हा नाही.

पडदा आणखी एकवीस हंगाम चालला,
राजवाडा म्हणून, तुरुंग म्हणून, एकदा दवाखाना म्हणून.
मग फ्लेक्स आले.

आता तो आमच्या पुंजण्यावर असतो, रंगाची बाजू आत.
निळा सगळ्यात आधी गेला,
धुण्याचीच नीळ ती.
परवा ढग आले म्हणून सारखा करायला गेलो,
कोपरा उलटला,
तर खोली नाही, दार नाही, मावशी नाही.
चुन्याचे दाणे तेवढे, वर, जिथल्या तिथे.

पडले काय रे, मावशी खाटेवरून विचारते.
तिला आता दिसत नाही.
नाही, म्हणतो मी,
आणि दोरीला गाठ मारतो.