दोन टक्के

अशा कार्यक्रमाला मी आयुष्यात एकदाच बसले होते.
तेव्हा पोह्यांची ताटली माझ्या हातात
आणि विद्याधर समोर, मोज्याचं भोक लपवत.
आज आम्ही दोघं एकाच बाजूला,
मध्ये एक उशी,
आणि समोरच्या खुर्चीवर पाळीपाळीने
मुलुंडचे दलाल.

वकीलबाई म्हणाल्या होत्या,
बाकीचं कोर्ट बघून घेईल,
दलाल तेवढा तुम्ही दोघांनी ठरवा.
कार्डावर रेराचा नंबर आहे का पाहा,
आणि भांडू नका त्याच्यासमोर, भाव पडतो.

हसमुख गाला आकडा घेऊनच आले.
चपला काढता काढता सांगितला,
एवढा मोठा, की विद्याधरने पंखा वाढवला.
घर त्यांनी पाहिलं नाही.
गॅलरीत जाऊन तीनदा फोन घेतला
आणि निघताना म्हणाले, भाभी,
मुलगा अमेरिकेला बोलावतोय असं सांगू, बरं दिसतं.
आम्हाला मुलगा नाही.
मुलगी आहे, नाशिकला,
आणि ती बोलावत नाही.

मग कंपनीची ती रिद्धिमा.
टॅबवर तिने आमचंच घर आम्हाला दाखवलं,
तिच्या मते असायला हवं होतं तसं:
देव्हारा नाही, शिवणयंत्र नाही,
विद्याधरच्या बुद्धिबळाच्या ढाली नाहीत.
म्हणाली, घर न्यूट्रल दिसलं पाहिजे.
मी म्हटलं, ते चार वर्षं तसंच आहे गं,
तुला फक्त सामान दिसलं.

एक जण आलाच नाही.
त्याचे सुप्रभात अजून येतात, गुलाबांसकट.

अन्वर दळवींनी पावणेदहा सांगितले होते,
पावणेदहाला बेल वाजली.
आधी मोरीतला नळ सोडून घड्याळ पाहिलं.
भिंतीवर टकटक केली,
डॉक्टर पाठीवर करतात तशी.
ज्या ओलीवर मी कपाट सरकवलं होतं
ती त्यांनी कपाट न हलवता ओळखली.
"वरच्यांचा पाइप. रंग काढू नका,
गिऱ्हाइकाला मीच दाखवीन."
शेअर सर्टिफिकेट कुणाच्या नावावर,
सोसायटीची थकबाकी किती,
सगळं विचारलं, आमच्याबद्दल सोडून.

मग खिशातून लोखंडी टेप.
एक टोक माझ्या हातात दिलं, एक विद्याधरच्या.
"ताठ धरा," म्हणाले, "झोळ नको."
हॉल, स्वयंपाकघर, ती अरुंद बोळकांडी
जिथे आम्ही एकमेकांना वाट देताना
हल्ली भिंतीकडे तोंड करायचो.
दोघांनी मिळून काही ताठ धरल्याला
किती वर्षं झाली, हिशेब लागेना.

करारात चारशे पंच्याऐंशी.
भरले चारशे चौऱ्याहत्तर.
"अकरा फूट कधी नव्हतेच," दळवी म्हणाले,
"पण मी जाहिरातीत खरेच टाकणार. चालेल?"

एकोणतीस वर्षं
आम्ही त्या अकरा फुटांचे हप्ते भरले,
मेंटेनन्स भरला.
रविवारी मी म्हणायचे, एक टेबल मावलं असतं कुठेतरी,
आणि तो म्हणायचा, तुझी मापंच चुकतात.

विद्याधर हसला. खोकला लागेपर्यंत हसला.
मग मलाही आवरेना.
दळवी टेप गुंडाळता गुंडाळता थांबून राहिले,
दुसऱ्याच्या घरात आजान किंवा आरती चालू असताना
माणूस थांबतो तसे.

"दोन टक्के घेतो," शेवटी म्हणाले.
"दोघांचे मिळून. घर एकच आहे ना."
मी विद्याधरकडे पाहिलं नाही,
त्याने माझ्याकडे पाहिलं नाही,
आणि तरी दोघांनीही
एकदमच किल्ल्या काढून टीपॉयवर ठेवल्या.
त्याच्या किल्लीला अजून मी बांधलेला लाल दोरा.

"आणखी एक. गिऱ्हाईक विचारतंच, का विकताय.
काय सांगू?
खोटं नंतर मला आठवत नाही, म्हणून विचारतो."

उशीपलीकडून विद्याधर म्हणाला,
"सांगा, जागा कमी पडली."

दळवींनी ते लिहून घेतलं,
कुठल्याशा लग्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर.
पत्रिका कुणाची, मान तिरकी करूनही दिसेना.
मुहूर्त तेवढा वाचता आला:
बारा वाजून सात मिनिटं.