खडूची रेघ

समर्थ मंदिराच्या पुढं, बोगद्याच्या अलीकडं माझं दुकान,
पत्र्याचं. पाटीवरचा 'ऑटो'मधला ऑ वाऱ्यानं नेलाय,
उरलंय ते 'टो इलेक्ट्रिक'. गिऱ्हाईक येतंच आहे.
चारच्या सुमाराला दुदुस्कर सरांची गाडी आली,
पांढरी, सात सीटची, मडगार्डवर बामणोलीची लाल माती,
आणि मागच्या सीटवर, पट्टा लावून बसवलेलं एक खोकं.
पोरानं पुण्याहून धाडलेलं. दोन जादा दिवे.
खोक्यावर वाघाचा डोळा छापलेला.

'लियाकत, यवतेश्वरचा घाट हल्ली फार काळा झालाय रे.
पूर्वी इतका नव्हता.'

घाट तोच आहे, असं मी म्हटलं नाही.
ग्रिल उतरवली.
'बंपरला भोक पाडू नकोस.'
'नाही पाडत. नंबरप्लेटच्या मागून पट्टी घेतो.'

वायर बॅटरीपासून निघाली. फ्यूज वीतभर अंतरावर,
लांब ठेवला तर मधली वायर जळते आणि फ्यूज बघत बसतो;
हे उस्तादांनी एकदाच शिकवलेलं, कानाखाली.
रिलेला पाय चार,
तीस, पंच्याऐंशी, शहाऐंशी, सत्त्याऐंशी.
बारीक आकडे सोहेल वाचतो, मी बोटांनी ओळखतो,
तीस वर्षांची बोटं आहेत.
शहाऐंशीला अप्परची वायर दिली:
अप्पर पेटला तरच हे पेटणार, डिपर मारला की गप्प.
सरांना पटेना. 'वेगळं बटन दे. कायम चालू राहू देत.'
'सर, समोरून येणाराही कुणाचा तरी विद्यार्थी असतो.'
यावर सर बोलले नाहीत,
बॉनेटवर टिचकी मारत राहिले.

स्विच ओढला. टिक्.
मला हा आवाज चहापेक्षा आवडतो.

अंधार पडेस्तोवर थांबलो.
समोर खताच्या गोदामाची भिंत, मोजून पंचवीस फूट.
दिव्याच्या मध्याची उंची टेपनं घेतली,
तेवढ्यावर भिंतीला खडूची रेघ,
तिच्याखाली चार बोटं आणखी एक.
उजेडाचा माथा खालच्या रेघेच्या वर जाता कामा नये.
सर सीटवर, मी पान्यावर.
दिवे लागले आणि भिंत पुढं सरकल्यासारखी झाली:
पोपडे, निवडणुकीच्या कागदाची खळ, पालीची शेपटी,
आणि डांबरानं लिहिलेली हातभर अक्षरं.

'दिसतंय का?'
'स्वच्छ!'
'वाचा की मग,' मी सहज म्हटलं.

सरांनी छाती स्टिअरिंगला टेकवली. मान पुढं काढली.
सदतीस वर्षं फळ्यावर लिहिलेला माणूस,
ज्याच्या हातच्या नकाशात कोयनेचं वळण कधी चुकलं नाही.
'येथे... कपडे... टाकू नये.'

सोहेल खुदकन हसला.
मी त्याच्याकडं बघितलं तसा तो वायरचे तुकडे गोळा करायला लागला.
भिंतीवर होतं, कचरा.

'रंग उडालाय बहुतेक,' सर म्हणाले.
'उडालाय,' मी म्हटलं.
डांबर उडत नसतं.

दिवे अर्धा आटा खाली घेतले. नट आवळले.
बिल सोहेलनं लिहिलं, मी सांगत गेलो:
मजुरी आठशे. वायर, रिले, फ्यूज साडेचारशे.
डोळ्यांचा नंबर काढणे, सिव्हिल, मंगळवारी.
पुढं शून्य.

सरांनी बिल लांब धरलं, जवळ आणलं,
परत लांब धरलं. मग घडी घालून वरच्या खिशात.
'घरी जाऊन वाचतो.'

गाडी गेली. दुकानातून घाट पुरा दिसतो,
म्हणजे रात्री नुसती वळणं दिसतात, उजेडाची.
मी पायरीवर बसून हात रॉकेलनं पुसत होतो.
तिसऱ्या वळणावर वरून कुणीतरी उतरत आला
आणि खालचे दोन दिवे पटकन विझले,
तो सरून गेल्यावर परत लागले.
'बघितलंस? डिपर दिला सरांनी.
शिक्षक माणूस. एकदा सांगितलं की पुरे.'

सोहेल माझ्या मागं उभा होता, हातात तो खडू.
'चाचा, ती एसटी आहे.
सर अजून खालीच आहेत, पहिल्या वळणाला.'

मी बराच वेळ घाटाकडं बघत राहिलो.
दिवे होते. बरेच होते.

'मंगळवारी,' तो म्हणाला, 'दुकान बंद ठेवायचं का?'