जड फाइल

रेघ ओढली की चहा येईपर्यंत
ती पडद्यावर उमटत नाही.
वेंगुर्ल्याच्या या ऑफिसात
रॅम वाढवून झाली,
फॅनमधली खारट धूळ ब्रशने काढून झाली.
साहेब म्हणाले, बंद करून चालू कर.

शेवटी झाकलेले लेयर उघडत गेले एकेक.
‘आरावंदेकर-जुने’वर सापडले
एक हजार चारशे माड,
झावळी न् झावळी काढलेली,
विहिरीवर रहाट,
आणि नव्या रस्त्याच्या आखणीत येणारी
कुणाची तरी पडवी.

आरावंदेकर मार्चात रिटायर झाले.
फोन केला.
“पुसून टाक गो,
थंय तरी खंय उरलेत?”

पुसले.
आता रेघ हाताआधी पळते.
रहाट तेवढा राहिलाय.
साहेबांना सांगितलंय,
तो कुठल्या लेयरवर आहे
सापडत नाही.