काच ओळखत नाही

पहिल्यांदा मी हसलो, हे आधीच सांगून टाकतो.
एप्रिलची दुपार, अशोक चौकात डांबर चपलेला चिकटत होतं,
आणि सत्तम्मा बत्तुल यांनी काउंटरवर दोन वस्तू ठेवल्या:
मुलानं भिवंडीहून पाठवलेला टचचा फोन
आणि गड्ड्याच्या जत्रेतला जुना विटांचा गेम,
पिवळा, झाकण रबरानं बांधलेला.

"इलाही, ह्या दोघांचं एकच करून दे."

मी म्हणालो, मावशी, फोनात गेम असतातच की.
हजार असतात. फुकट असतात.
त्यांनी काही न बोलता अंगठा काचेवर ठेवला,
डावीकडून उजवीकडं नेला.
हिरवं वर्तुळ जागचं हललं नाही.
पुन्हा नेला.
मग माझा अंगठा धरून नेला,
आणि फोन लगेच उघडला.

चाळीस वर्षं, रोज हजार विड्या.
पानाची कड मुडपता मुडपता
बोटांवरच्या रेषा कधी पुसल्या
त्याची नोंद कारखान्याच्या कार्डावर नाही.
रेशनच्या मशीनलाही त्या पटत नाहीत.
"काच आमाला वळकत नाय बग.
बटण वळकतंय."

आणि त्यांनी पिवळा गेम चालू केला.
विटा पडत होत्या, त्या माझ्याकडं बघत
पावसाच्या छपराचं काहीतरी सांगत होत्या,
बोटं मात्र कात्री चालवल्यासारखी खाली आपलं आपलं करत होती.
आकडा नव्याण्णव हजारांवर जाऊन थांबला.
पुढं त्याला जागाच नव्हती.

माझ्याकडं गेमिंगवाली पोरं येतात,
फोनला क्लिपा लावतात, पाठीला पंखा लावतात,
एकाला तर दोन्ही बाजूंनी दांडे असलेलाच हवा, चाळीस हजारांचा.
त्यांच्याशी मी व्होल्टचं बोलतो, रॅमचं बोलतो.
बोटांचं कधी निघालं नव्हतं.

तीन रात्री लागल्या.
गेमची पाठ कापली. मेलेल्या एका रिमोटमधून
ब्लूटूथची पट्टी काढली. बटणांखालचे काळे ठिपके
शिसपेन्सिल घासून जागे केले.
ताणा-बाणा वगैरे म्हणणार नाही मी,
ह्या गावात दोन गोष्टी जोडल्या की सगळे तेच म्हणतात.
हे तर उघड भांडण होतं.
दुसऱ्या रात्री डावा बाण दाबला
की वीट सरकायची नाही, भिवंडीला फोन लागायचा.
झोपेतला अंबादास म्हणायचा, "आई?"
मी कट करायचो.
असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी तो नुसता श्वास घेत राहिला.

शेवटी बसलं.
लाल बटण उचलायला, काळं ठेवायला,
आणि एक अट त्यांचीच:
फोन आला तरी विटा थांबायला नकोत.
दिसायला साबणाच्या डबीसारखं, जाड, एका अंगानं फुगलेलं.
टॉवेलच्या चिंधीची पिशवी त्यांनीच शिवली.
दोनशे रुपये दिले, वर विड्यांचा एक कट्टा.
मी ओढत नाही. ड्रॉवरमध्ये आहे अजून.

जुलैत विडी घरकुलाकडं एका गिऱ्हाइकाचा टीव्ही बघायला गेलो
तर त्या उंबऱ्यावर, सूप बाजूला सारलेलं,
ढीग जवळजवळ वरपर्यंत आलेला,
डाव्या कडेला एकच अरुंद फट.
तेवढ्यात वाजला.
काचेवर नाव आलं, अंबादास.
लाल बटण अंगठ्याखालीच होतं.
ते मीच तिथं बसवलं होतं.

"मावशी, उचला की."
"थांब बे," त्या म्हणाल्या,
मला की त्याला, कळलं नाही.

वरून लांब उभी वीट निघाली होती.