नमुन्याचा टॉवेल

दारातच मोबाईल काढून घेतले.
प्लास्टिकच्या पिशवीत घातले, वर चिकटपट्टी,
पट्टीवर आमच्या टॉकीजचं नाव, तेही चुकवून.
"आतलं काही बाहेर जाता कामा नये, सर,"
पुण्याहून आलेली पोरगी म्हणाली.
गळ्यात बिल्ला, अंगात काळा ब्लेझर,
बाहेर चव्वेचाळीस डिग्री.

होटगी रोडचं हॉटेल. हॉल लग्नाचाच,
कमानीच्या फुलांची तार अजून लोंबत होती
आणि तिच्याखाली पुठ्ठ्याचा नायक,
दहा फुटी, हातात मशाल,
कूलरच्या वाऱ्यानं नाही नाही म्हणणारा.
बार्शीचा घोडके त्याच्या खांद्याला टेकून उभा राहिला,
मग आठवलं, फोटो काढणार कशानं.

दिवे गेले.
सवयीनं मी मागे वळून पाहिलं.
भोकातून येणारा उजेड बघायची खोड, एकतीस वर्षांची.
मागे नुसती भिंत.
इथे पडदाच स्वतः पेटला होता.

तीन मिनिटं दहा सेकंद.
घोडे, धूर, विहिरीत उतरणारी एक बाई,
बरगडीत बसणारा ढोल
आणि शेवटी काळ्यावर तांबडं:
वणवाघाट.

"हे नाव सगळ्या देशात
सर्वांत आधी तुम्हाला कळतंय," साहनी म्हणाले,
"कारण तुम्ही आमचं कुटुंब."
कुटुंबानं टाळ्या वाजवल्या.
कुटुंबात दोघांचं लाईटबिल थकलेलं होतं.
एक मी.

फडेशेठनं माइक मागून घेतला:
पहिल्या आठवड्याला आमचा टक्का किती?
साहनी हसले. जेवण लावलंय म्हणाले.
शेंगाचटणीच्या वाडग्यापुढे पाटी होती, 'खास सोलापुरी'.
सोलापुरात.

निघताना हातात एकेक थैली:
किल्लीची साखळी, कप, गुंडाळलेलं पोस्टर,
आणि टॉवेल. मशाल, खाली विणलेलं नाव.
मी उलटा केला. आम्ही टॉवेल उलटाच बघतो.
काठाला दुहेरी शिवण,
कोपऱ्यात मुद्दाम सोडलेला एक निळा धागा.
नरहरी येमूलचा माल.
पाचवीपर्यंत माझ्याच बाकावर होता.

संध्याकाळी अशोक चौकामागे गेलो.
लूम चालू. तिथे कानानं कुणी ऐकत नाही,
ओठ बघतात.
"वणवाघाट?" मी ओरडलो.
"दिवाळीतच विणलं की बे. दोन हजार नग.
आधी नुसतं घाट होतं.
मग त्यांचा फोन, पुढे वणवा लावा.
सहाशे पडलेत तसेच."

त्यानं माळ्यावरचे पत्ते दाखवले,
भोकं पाडलेले पुठ्ठे, दोऱ्यानं ओवून लोंबणारे.
कुठल्या भोकात मशाल आहे, कुठल्या भोकात 'घा',
त्याला बोटानं कळतं.
फिल्मच्या काठालाही अशीच भोकं असायची,
मीही अंधारात बोटानं चाचपायचो.
आता डबी येते कुलूप लावून,
किल्ली मुंबईहून, शुक्रवारी पहाटे.

म्हणजे सहा महिने हे नाव इथे होतं.
काठ शिवणाऱ्या नरसम्मांना ठाऊक,
त्यांच्या सुनेला, गठ्ठे नेणाऱ्या टेम्पोवाल्याला,
चहाच्या पोराला.
कुणी बाहेर सांगितलं नाही.
कुणी विचारलं नव्हतं.

चित्र आषाढात लागलं, नऊ दिवस चाललं.
अगदीच वाईट नव्हतं.
विहिरीतली बाई चांगली होती,
तिला आणखी थोडा वेळ द्यायला हवा होता.

'घाट'चे सहाशे नरहरीनं मला किलोवर दिले.
शो सुटला की माझी पोरं त्यानंच खुर्च्या पुसतात,
बाल्कनीपासून खाली, रांगेरांगेनं,
कधीच न लागलेल्या चित्राचं नाव हातात घेऊन.
चार धुण्यांत टॉवेल विटतो म्हणतात.
याचा तांबडा अजून सुटला नाही.