थंडीत पाचच

पहाटे चार. सावद्यात आठ डिग्री.
सेल्फ मारला तशी गाडी दोनदा खोकली,
तिसऱ्यांदा नुसते दात वाजवले,
मग तेही नाही.

मागे दीडशे क्विंटल केळी, ताडपत्रीखाली,
दिल्लीपर्यंत हिरवी राहायची अट.
व्यापाऱ्याचा फोन येऊन गेला.

गुलाब तडवीनं फिल्टर खोलला,
बॅटरीच्या उजेडात कडेनं बोट फिरवलं.
पांढरं, दाट, गिजगिजीत.
"भो, हे तं तूप होई गेलं!"
मी वास घेतला. तूप कसलं.
फैजपूरच्या गाडीवरची शेव,
कुणाच्या तरी साखरपुड्याच्या पुऱ्या,
तिसऱ्यांदा तापलेलं भज्यांचं तेल.

फेगडे मास्तरांचं इंधन.

मास्तरांनी पस्तीस वर्षं आम्ल-अल्कली शिकवलं,
मागच्या बाकावर आम्ही झोपलो.
निवृत्त झाल्यावर त्यांनी स्कूटरला दोन कॅन बांधले
आणि फरसाणवाल्यांच्या मागच्या दाराशी उभे राहू लागले.
मास्तर जळकं तेल मागत हिंडतो, म्हणायचे लोक.
रिकाम्या गोठ्यात पिंप, पिंपात कॉस्टिक,
तळाला काळं ग्लिसरीन,
वरचं सोनेरी. बाटलीत भरून उन्हात धरलं
की पलीकडचा पेपर वाचता यायचा.

पहिल्या महिन्यातच तीन फिल्टर चोंदले.
माझ्या बापाच्या काळापासूनचा टाकीतला गाळ
त्यानं खरवडून काढला होता.
मी भांडायला गेलो, तर मास्तर शांत:
"औषध आधी मळच बाहेर काढतं."
वैशाखात मग चाळीस टक्के घालून
मी इंदूरचा घाट चढलो.
धुराला भज्यांचा वास. धाब्यावरची कुत्री
मागे लागायची.

दिवाळी झाली आणि मास्तर गेले.
बाईंनी शेवटचं पिंप मला दिलं.
पैसे घेतले नाहीत.
पिंपावर खडूचं अक्षर:
*थंडीत पाचच.*
खाली दोन रेघा,
परीक्षेला हमखास येणार असल्यासारख्या.

मी ते वाचलं होतं.
तरी काल रात्री अर्धं पिंप ओतलं.
का, म्हणून गुलाबनं आत्ता विचारलं.
डिझेल काय भाव झालंय, बघतोस ना, म्हणालो.

तो चिंधी गुंडाळून पलिता करायला निघाला.
"ठेव तो. आग नाही लावायची."
स्टँडवरच्या हौसाबाईची चूल नुकती पेटली होती,
तिच्याकडून पाण्याची किटली आणली,
फिल्टरला पोतं गुंडाळलं, वरून ओतत राहिलो.
एक किटली. दुसरी.
तिसरीला तिनं चहाचंच आधण दिलं,
म्हणाली, गिऱ्हाईक काय अजून उठलं नाही.

चहूकडे शिवारात धूर.
केळीला गारठा लागू नये म्हणून
बांधाबांधावर ओला पाला धुमसत होता,
लोक घोंगड्या पांघरून उभे,
आणि सातपुडा कुठं आहे ते
फक्त अंधार जास्त दाट होता त्यावरून कळायचं.

हातपंप मारून अंगठा बधिर झाला.
आधी हवा, मग फेस, मग हवा.
तळहातावर थोडं ते पांढरं राहिलं होतं,
पुसायचं विसरलो होतो.
मूठ उघडली तर विरघळून
पुन्हा सोनेरी झालेलं,
हाताच्या रेषा त्यातून स्पष्ट दिसत होत्या.

सव्वापाचला गाडीनं एक भलाथोरला पांढरा धूर सोडला
आणि धरलं.
बंद करू नको, बंद करू नको, गुलाब ओरडत होता,
जसं काही मी करणार होतो.

पंपावर टाकी साध्या डिझेलनं गळ्यापर्यंत भरली.
उरलेलं पिंप पंपाच्या वॉचमनकडे ठेवलं.
"काय लिहू याच्यावर?" खडू नव्हता,
त्याच्या शेकोटीतला कोळसा उचलला.
मास्तरांच्या ओळीखाली जागा होती.
होळीनंतर, एवढंच लिहिलं. अक्षर वाईट आलं.

बऱ्हाणपूर रस्त्याला लागलो
तर आरशात एक कुत्रं,
एवढ्या गारठ्यात, जीभ बाहेर काढून,
बरंच लांबपर्यंत पळत आलं.